शेजारीण हाक मारते तेव्हा

लॉस एंजेलिस शहराच्या पूर्व भागात बॉइल हाइट्स ही मेक्सिकन कुटुंबांची जुनी वस्ती आहे. दाटीवाटीची घरं, वस्तीला कापत गेलेले महामार्ग आणि मोकळ्या जागेची कायमची टंचाई. या वस्तीत १८७७ साली सुरू झालेली एव्हरग्रीन नावाची मोठी दफनभूमी आहे. तिच्या कुंपणाबाहेरचा फूटपाथ हेच वर्षानुवर्षं इथल्या लोकांचं मैदान होतं. उखडलेल्या फरशांवरून जपून पावलं टाकत माणसं सकाळ-संध्याकाळ तिथे फेऱ्या मारत, काही जण धावतही. पुढे रहिवाशांनी एकजूट केली, याच परिसरात वाढलेले नगररचनाकार जेम्स रोहास त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि २००३ साली महापालिकेने दफनभूमीभोवती रबरी पृष्ठभागाची सुमारे दीड मैलाची, म्हणजे जवळपास अडीच किलोमीटरची, पाऊलवाट बांधून दिली. फेऱ्या मारणाऱ्यांची संख्या त्यानंतर झपाट्याने वाढली.

या गोष्टीतला क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. ‘व्यायाम करा’ असं तिथे कुणी सांगायला गेलं नव्हतं. लोक आधीपासूनच चालत होते, त्यांना फक्त धड वाट हवी होती. अमेरिकेतल्या लॅटिनो समाजाच्या हृदयविकारावर गेल्या तीस वर्षांत जे काम झालं, त्यातलं जे खरोखर रुजलं त्याचा आरंभ असाच झालेला दिसतो. लोक कुठे आहेत, कशाने अडलेत, कुणाचं ऐकतात, हे आधी पाहिलं गेलं. उपदेश नंतर आला, किंवा त्याची गरजच पडली नाही.

लॅटिनो म्हणजे मेक्सिको, प्युर्तो रिको, क्युबा, डोमिनिकन रिपब्लिक, ग्वाटेमाला, एल साल्वादोर, कोलंबिया अशा लॅटिन अमेरिकी देशांतून आलेली किंवा तिथे मुळं असलेली माणसं. २०२०च्या जनगणनेत अमेरिकेत त्यांची संख्या सहा कोटी वीस लाखांच्या घरात होती, म्हणजे दर पाच अमेरिकनांत जवळजवळ एक. कॅलिफोर्निया आणि टेक्सास या दोन मोठ्या राज्यांत तर शंभरातले ३९ लोक लॅटिनो आहेत. एवढ्या मोठ्या समाजाला एकाच नावाखाली मोजण्यात गफलती होतात. हवानाहून मायामीत आलेला निवृत्त कारकून आणि वाहाका प्रांतातून येऊन कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरी तोडणारी मजूर स्त्री यांच्यात भाषेपलीकडे फारसं साम्य नसतं, आणि कित्येकदा भाषाही वेगळीच असते.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, देशभरातल्या प्रौढांना एक साधा प्रश्न विचारला होता : गेल्या महिन्याभरात कामाव्यतिरिक्त काही शारीरिक हालचाल केली का? चालणं, धावणं, बागकाम, खेळ, काहीही चाललं असतं. लॅटिनो लोकांपैकी शंभरात सुमारे ३२ जणांचं उत्तर ‘नाही’ असं होतं. गोऱ्या अमेरिकनांत हेच प्रमाण २३च्या आसपास आहे. हे आकडे वाचून ‘या लोकांना व्यायामाची आवडच नाही’ असा निष्कर्ष काढणारे भेटतात. तो निष्कर्ष चुकीचा आहे, आणि अन्यायाचाही आहे. प्रश्नातले ‘कामाव्यतिरिक्त’ हे शब्द पुन्हा वाचावेत. अमेरिकेतली शेतमजुरी, इमारतींची छपरं घालणं, हॉटेलच्या खोल्या आवरणं, मांस कापण्याचे कारखाने, उपाहारगृहांची स्वयंपाकघरं, परक्यांच्या बागा आणि परक्यांची मुलं सांभाळणं, यातली किती तरी कामं लॅटिनो हातांवर चालतात. दिवसभर वाकून, उचलून, घासून थकलेलं शरीर संध्याकाळी ‘हालचाल’ करायला निघत नाही, तर त्याला आळस म्हणता येत नाही.

मग एक रास्त शंका येते. इतके कष्ट होतच असतील, तर हृदयाला वेगळा व्यायाम कशाला हवा?

या शंकेचं उत्तर शोधायला संशोधकांना बराच काळ लागला. १९५३ साली जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांचा अभ्यास करून दाखवलं होतं, की दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरला हृदयविकार कमी होतो. त्यावरून काम हाच व्यायाम, असं बरेच दिवस मानलं गेलं. पण सगळी कामं कंडक्टरच्या कामासारखी नसतात. डेन्मार्कमधल्या आंद्रेआस होल्टरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली कोपनहेगन परिसरातल्या एक लाख चार हजार माणसांची माहिती तपासली. फावल्या वेळात भरपूर हालचाल करणाऱ्यांत हृदयाचे गंभीर आजार आणि मृत्यू कमी आढळले. कामाच्या जागी भरपूर अंगमेहनत करणाऱ्यांत मात्र ते उलट जास्त आढळले.

याची कारणं शरीराच्या रीतीत आहेत. झपाझप अर्धा तास चालल्यावर नाडी वाढते, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि मग विश्रांती मिळते. विश्रांतीच्या त्या तासांत हृदय आणि रक्तवाहिन्या थोड्या अधिक तयार होतात. आठ-दहा तासांच्या मजुरीत नाडी धड इतकी वाढत नाही की हृदयाची ताकद वाढावी, आणि धड इतकी उतरत नाही की त्याला विसावा मिळावा. जड ओझं उचलून धरताना रक्तदाब वर चढतो आणि दिवसभर तसाच राहतो. त्यात उन्हाचा ताप, पाण्याची कमतरता, मुकादमाचा धाक आणि अपुरी झोप. व्यायामात माणूस स्वतःच्या वेगाने चालतो, दमला की थांबतो. मजुरीत वेग दुसऱ्याचा असतो.

लॅटिनो समाजाच्या हृदयाचं सविस्तर चित्र आपल्यापुढे आहे ते मुख्यतः एका मोठ्या अभ्यासामुळे. अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेच्या पाठबळावर २००८ ते २०११ या काळात न्यूयॉर्कचा ब्राँक्स भाग, शिकागो, मायामी आणि सॅन डिएगो या चार ठिकाणी १६,४१५ स्त्री-पुरुषांची तपासणी झाली. वय १८ ते ७४. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेह, लठ्ठपणा, धूम्रपान या पाच धोक्यांपैकी निदान एक तरी असलेले पुरुष शंभरात ८० आणि स्त्रिया ७१ निघाल्या. मधुमेह साधारण सहांमागे एकाला होता. मेक्सिकन मुळांच्या लोकांत तो शंभरात १८ जणांना आणि दक्षिण अमेरिकेतून आलेल्यांत १० जणांना सापडला. म्हणजे ‘लॅटिनो’ या एका शब्दाआड केवढा फरक झाकला जातो!

याच अभ्यासात बारा हजारांहून अधिक जणांच्या कमरेला आठवडाभर हालचाल मोजणारं छोटं यंत्र बांधलं होतं. दमसास वाढवणारी हालचाल प्युर्तो रिकन लोकांत सर्वांत जास्त, दिवसाला सुमारे ३२ मिनिटं, आणि क्युबन लोकांत सर्वांत कमी, सुमारे साडेसोळा मिनिटं भरली. हा फरक दोन समाजांच्या स्वभावातून आला असेल असं मानणं कठीण आहे. अभ्यासातले प्युर्तो रिकन बरेचसे ब्राँक्सचे. तिथे भुयारी रेल्वेचे जिने चढावे लागतात आणि कोपऱ्यावरच्या दुकानात पायीच जावं लागतं. क्युबन मायामीचे. मायामीत गाडीवाचून पान हलत नाही, उन्हाळा घामट असतो आणि अंतरं लांब असतात. माणूस किती चालतो हे त्याच्या इच्छेइतकंच तो राहतो त्या रस्त्यावरही अवलंबून असतं.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. गरिबी जास्त, विमा कमी, मधुमेह जास्त, आणि तरीही लॅटिनो लोकांचा मृत्युदर, हृदयविकाराचासुद्धा, गोऱ्या अमेरिकनांहून कमी भरतो. किरियाकोस मार्कायडीज आणि जनीन कोरिल या दोघांनी १९८६ साली ही विसंगती प्रथम ठळकपणे मांडली. तिची कारणं अनेक सांगितली जातात : स्थलांतर करणारी माणसं मुळात धडधाकट असतात, सिगारेटी कमी ओढतात, आणि एकमेकांना धरून राहणारी मोठी कुटुंबं आधार देतात. पण अमेरिकेत जितकी जास्त वर्षं जातात तितके हृदयाचे धोके वाढत जातात, असंही चार शहरांच्या त्या अभ्यासात दिसलं. येताना बरोबर आणलेलं आरोग्य त्या देशात राहून झिजतं. ते टिकवणं हे काम आहे, आणि हालचाल हा त्यातला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

हालचालीने नेमकं होतं काय? चालताना रक्ताचा ओघ वाढतो आणि रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर त्या ओघाला उत्तर म्हणून नायट्रिक ऑक्साइड सोडतं. त्यामुळे वाहिन्या सैलावतात. उच्च रक्तदाब असलेल्या माणसाने नियमित व्यायाम केला तर वरचा रक्तदाब पाच ते आठ अंकांनी उतरू शकतो. मधुमेहाच्या बाबतीतली करामत आणखी महत्त्वाची आहे. रक्तातली साखर स्नायूंत शिरायला एरवी इन्सुलिन लागतं, आणि मधुमेहाच्या वाटेवरच्या माणसात इन्सुलिनचं नीट चालत नाही. आकुंचन पावणारा स्नायू मात्र इन्सुलिनची वाट न पाहता साखर आत घेतो, जणू घराला मागचं दार असावं तसं. हा परिणाम चालणं थांबल्यावरही काही तास टिकतो. ट्रायग्लिसराइड नावाची चरबीही उतरते.

याचा कस लागला तो १९९६ साली सुरू झालेल्या आणि २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या प्रयोगात. मधुमेहाच्या उंबरठ्यावरची ३,२३४ माणसं त्यात होती आणि त्यांत लॅटिनोंची संख्या चांगली होती. वजन सात टक्क्यांनी उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल, एवढंच ज्यांना शिकवलं आणि करवून घेतलं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिनच्या गोळीने ते ३१ टक्क्यांनी घटलं होतं. हा फायदा सगळ्या वंशांच्या लोकांत दिसला.

दीडशे मिनिटं म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा तास. वेग असा, की चालताना बोलता यावं पण गाता येऊ नये. पूर्वी सलग दहा मिनिटांहून कमी हालचाल जमेस धरली जात नसे. २०१८ साली अमेरिकी मार्गदर्शक सूचनांतून ती अट काढून टाकली गेली. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या बाईच्या दृष्टीने हा बदल मोठा होता. बसथांब्यापर्यंतची पाच मिनिटं आणि शाळेपर्यंतची सात मिनिटं आता हिशेबात आली. अर्थात छातीत दुखतं, धाप लागते किंवा हृदयाचा आजार आधीच ठाऊक आहे, अशांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करायची.

एवढं ज्ञान असूनही ते दवाखान्याच्या भिंतीवरच राहत होतं, तेही इंग्रजीत. १९९४ साली राष्ट्रीय हृदय संस्थेने वॉशिंग्टन शहराच्या परिसरात ‘सालुद पारा सु कोराझोन’, म्हणजे ‘तुमच्या हृदयासाठी आरोग्य’, या नावाने स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठी उपक्रम सुरू केला. रेडिओ होता, चित्रकथा होत्या, पाककृतींची पुस्तिका होती. पण त्याचा कणा ठरल्या प्रोमोतोरा. प्रोमोतोरा म्हणजे वस्तीतलीच, त्याच भाषेची, त्याच चर्चला जाणारी बाई. तिला काही आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं जातं, आणि ती घरोघरी जाऊन, पाच-दहा कुटुंबं एका दिवाणखान्यात जमवून रक्तदाब, आहार आणि हालचाल यांबद्दल शिकवते. ती डॉक्टर नसते आणि तसा आवही आणत नाही. तिचं बळ एवढंच, की तिच्यापुढे दार उघडतं.

मराठी वाचकाला हे वाचताना जामखेड आठवेल, आणि ते योग्यच आहे. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने केनेथ न्यूवेल यांच्या संपादनाखाली ‘हेल्थ बाय द पीपल’ हे पुस्तक काढलं. लोकांनीच उभ्या केलेल्या आरोग्यसेवेची जगभरातली उदाहरणं त्यात होती. त्यातलं एक प्रकरण होतं डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांच्या जामखेडच्या कामाचं. दुसरं एक होतं ग्वाटेमालातल्या चिमाल्तेनांगोचं. तिथे कॅरल बेअरहॉर्स्ट या डॉक्टरने माया आदिवासी गावकऱ्यांनाच आरोग्य प्रोमोतोर म्हणून तयार केलं होतं. नगर जिल्ह्यातल्या दुष्काळी गावांतल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या स्त्रिया आणि मध्य अमेरिकेच्या डोंगरातले मक्याचे शेतकरी एकाच पुस्तकात शेजारी येऊन बसले. तीन वर्षांनी आल्मा-आटा इथे ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा झाली, तिच्यामागे अशाच अनुभवांचं बळ होतं. अमेरिकेतल्या लॅटिनो वस्त्यांत आज फिरणारी प्रोमोतोरा ही त्याच घराण्यातली आहे. तेव्हा प्रश्न अतिसार, कुपोषण आणि बाळंतपणाचे होते. आता तिच्या पिशवीत रक्तदाबाचं यंत्र आणि चालण्याच्या बुटांचा सल्ला असतो.

सॅन डिएगो परगण्यात झालेला ‘फे एन आक्सियोन’, म्हणजे ‘श्रद्धेची कृती’, हा प्रयोग या साऱ्यात अधिक थांबून पाहण्यासारखा आहे. एल्व्हा अरेदोंदो यांच्या नेतृत्वाखाली १६ कॅथलिक चर्च आणि तिथे येणाऱ्या, फारशी हालचाल नसलेल्या ४३६ लॅटिना स्त्रिया त्यात सामील झाल्या. चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून निम्म्या चर्चमध्ये व्यायामाचा कार्यक्रम दिला गेला आणि उरलेल्या चर्चमध्ये कर्करोग तपासणीची माहिती, म्हणजे कोणीच रिकाम्या हाताने परतलं नाही.

चर्चच का? सॅन डिएगोत येऊन पडलेल्या मेक्सिकन स्त्रीसाठी चर्च हे प्रार्थनेच्या पलीकडचंही बरंच काही असतं. तिथे तिची भाषा चालते. तिथे जाते म्हटल्यावर घरात कुणी हरकत घेत नाही. मुलं बरोबर नेता येतात. जिमचं वर्गणीपत्र, आरशांच्या भिंती, घट्ट कपड्यांतली अनोळखी तरुण मंडळी, यांतलं काही तिथे नाही. याच चर्चमधल्या स्त्रियांना प्रोमोतोरा म्हणून तयार केलं गेलं. त्यांनी चालण्याचे गट चालवले, नाचाच्या चालीवरचे दमसास वाढवणारे वर्ग घेतले आणि स्नायूंच्या ताकदीचेही. सगळं मोफत. वर्ग चुकला की फोन यायचा, पण तो झापायला नसायचा. काय अडलं हे विचारायला, आणि त्यावर वाट त्या बाईलाच शोधू द्यायला तो फोन असायचा.

याहून मोलाचं म्हणजे हा कार्यक्रम चर्चच्या अंगणात थांबला नाही. स्त्रिया आजूबाजूच्या रस्त्यांची पाहणी करत हिंडल्या. कुठे फूटपाथ तुटलाय, कुठे दिवा नाही, कुठल्या बागेत कचरा आहे, याची नोंद करून स्थानिक यंत्रणेकडे दुरुस्तीचा पाठपुरावा झाला. वर्षभराने पुन्हा कमरेला यंत्र बांधून मोजलं तेव्हा व्यायामाच्या चर्चमधल्या स्त्रियांची हालचाल दुसऱ्या गटापेक्षा खरोखर वाढलेली होती. ‘मी आता जास्त चालते’ असं नुसतं सांगणं आणि यंत्राने तसं दाखवणं यांत फार अंतर असतं. म्हणून या निकालाचं वजन अधिक.

पण चर्चलाही ज्यांना जाता येत नाही अशा बायका आहेतच. ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहरात बेस मार्कस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशांसाठी टपालाचा मार्ग घेतला. तान्हं मूल, नवऱ्याची रात्रपाळी आणि गाडी नसणं या तिन्ही गोष्टी एकाच घरात असतील, तर वर्ग कितीही मोफत असला तरी तो गाठता येत नाही. २६६ लॅटिना स्त्रियांपैकी काहींना त्यांच्या उत्तरांवरून बेतलेली स्पॅनिश पत्रकं, पावलं मोजणारं छोटं यंत्र आणि नोंदवही घरपोच मिळाली. बाकीच्यांना सर्वसाधारण आरोग्याची माहिती मिळाली. पहिल्या गटातल्या स्त्रियांची हालचाल सुरुवातीला आठवड्याला सरासरी दोन मिनिटंही नव्हती. सहा महिन्यांनी ती ७३ मिनिटांवर गेली. दुसऱ्या गटात ती ३३ मिनिटांपर्यंत पोचली. दीडशेचं लक्ष्य अजून दूर होतं हे खरं, पण शून्याजवळून सत्तरीपर्यंत येण्यात हृदयाचा सगळ्यांत मोठा लाभ असतो. अगदी बैठ्या माणसाने थोडंसं चालायला लागणं हे चालणाऱ्याने धावायला लागण्यापेक्षा जास्त फळ देतं.

टेक्सासच्या सीमेवरच्या एल पासो शहरात हेक्टर बाल्काझार यांच्या चमूने आणखी एक अडसर हेरला. गावात उद्यानं होती, तरणतलाव होते, पालिकेची क्रीडाकेंद्रं होती, पण ज्यांना त्यांची गरज होती ते तिथे पाऊल टाकत नव्हते. ‘मी कोराझोन, मी कोमुनिदाद’, म्हणजे ‘माझं हृदय, माझा समाज’, या त्यांच्या उपक्रमात प्रोमोतोरांनी लोकांना हाताला धरून या जागांत नेलं. पहिल्या दिवशी सोबत कुणी असलं की दुसऱ्या दिवशी माणूस एकटा जायला धजावतो.

आणि नाच? लॅटिनो घरात बारशापासून लग्नापर्यंत नाच असतोच. त्यालाच औषध करता येईल हे शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या डेव्हिड मार्केझ यांनी ओळखलं. त्यांच्या ‘बायलामोस’ या कार्यक्रमात वयस्क स्त्री-पुरुष आठवड्यातून दोनदा, चार महिने, मेरेंगे, बचाता, चाचाचा आणि साल्सा शिकतात. एका पाहणीत सरासरी ६५ वर्षांचे ५४ जण होते. नाच शिकलेल्यांना सुरुवातीला ४०० मीटर चालायला जवळपास ४३० सेकंद लागत होते. चार महिन्यांनी ते अंतर त्यांनी ३९२ सेकंदांच्या आसपास पार केलं. चालण्याचा वेग हा वृद्धांच्या एकंदर प्रकृतीचा चांगला निदर्शक मानला जातो, त्यामुळे हे ३८ सेकंद किरकोळ नाहीत. मेरेंगेची पावलं सोपी, म्हणून सुरुवात तिथून. पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांच्या क्लबहाउसमध्ये आज जो झुंबा चालतो तोही कोलंबियातल्या काली शहराच्या आल्बेर्तो ‘बेतो’ पेरेझ यांच्याकडून, याच सुरावटींतून आलेला आहे.

रस्त्याचा विचार करायचा तर कोलंबियालाच जावं लागतं. १५ डिसेंबर १९७४ रोजी बोगोता शहरात सायकलप्रेमींनी मोटारींच्या वर्चस्वाविरुद्ध काही मुख्य रस्ते अडवून सायकली चालवल्या. त्यातून उभी राहिलेली ‘सिक्लोविया’ आज दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोनपर्यंत १२० किलोमीटरहून अधिक रस्ते मोटारींना बंद करते. लाखो लोक सायकल, स्केट, धावणं, रमतगमत चालणं यासाठी बाहेर पडतात. १९९५पासून त्याच्या जोडीला उद्यानांत मोफत व्यायाम आणि नाचाचे वर्गही असतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका हिशेबानुसार बोगोतात या उपक्रमावर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे आजारपणाचे तीन ते चार डॉलर वाचतात. ही कल्पना १० ऑक्टोबर २०१० रोजी ‘सिकलाविया’ या नावाने लॉस एंजेलिसमध्ये उतरली, तेव्हा पहिला साडेसात मैलांचा मार्ग बॉइल हाइट्सहूनच निघाला होता. मुंबईत २०१४ साली वांद्र्यात रविवारचे रस्ते मोकळे करणारा ‘इक्वल स्ट्रीट्स’ हा बोगोताचाच दूरचा नातेवाईक.

जागा मिळवावी लागते. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला सांता आना या दाट वस्तीच्या शहरात ‘लॅटिनो हेल्थ अॅक्सेस’ ही संस्था व्हेनेझुएलाहून आलेल्या डॉ. अमेरिका ब्राचो यांनी १९९३ साली सुरू केली. सुरुवात मधुमेहापासून झाली. पण मधुमेहींना चाला म्हटलं की प्रश्न यायचा, कुठे चालायचं? तेव्हा आयांनी एका पडीक जागेवर उद्यान हवं म्हणून झगडा मांडला. सभा, निवेदनं, पालिकेच्या बैठकांत तासन् तास बसणं, हे सगळं करत त्यांनी ते उद्यान मिळवलं. आरोग्य संस्थेने बागेसाठी लढावं हे काहींना आडवळण वाटेल. खरं तर तेच सरळ वळण होतं.

पण बाग आहे आणि जायची भीती वाटते, असंही होतं. जुलै २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या मॅकआर्थर पार्कमध्ये, म्हणजे पहिल्या सिकलावियाचा मार्ग जिथून गेला त्याच उद्यानात, स्थलांतरितांवरच्या कारवाईसाठी सशस्त्र संघीय जवान घोड्यांवरून आणि चिलखती गाड्यांतून उतरले. ज्या आईच्या घरात एखाद्याची तिथे राहण्याची कागदपत्रं अपुरी आहेत ती मग मुलांना घेऊन बागेत जात नाही, चालण्याच्या गटात येत नाही, दवाखानाही टाळते. अशा दिवसांत दीडशे मिनिटांची शिफारस तिच्यापुढे ठेवणं म्हणजे तिच्या परिस्थितीकडे पाठ फिरवणं आहे. हृदयरोगाच्या चर्चेत भीती हा विषय यायलाच हवा.

महाराष्ट्राने हे सगळं दुरून पाहू नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचा पहिला टप्पा चार प्रदेशांत झाला. महाराष्ट्र त्यातला एक होता. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत शंभरातली ५४ माणसं निष्क्रिय निघाली, आणि फावल्या वेळात व्यायाम किंवा खेळ करणारे दहाही नव्हते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांच्या हृदयाचा ‘मसाला’ नावाचा अभ्यास २०१०पासून सॅन फ्रान्सिस्को परिसर आणि शिकागो इथे चालू आहे. मधुमेहाचं ओझं या गटातही जड आहे.

आता प्रश्न उरतो पैशाचा. वर सांगितलेले बहुतेक प्रयोग संशोधनाच्या अनुदानावर चालले. अनुदान पाच वर्षांनी संपतं, संशोधक निबंध लिहून पुढच्या विषयाकडे वळतात, आणि मंगळवारच्या वर्गाला आलेल्या बायकांना दार बंद दिसतं. प्रोमोतोरांना कित्येक वर्षं मानधन म्हणून जे मिळत आलं त्यात घर चालत नाही. आपल्याकडच्या आशा सेविकांना हे निराळं सांगायला नको. या आघाडीवर एक ठोस पाऊल कॅलिफोर्नियाने उचललं आहे. १ जुलै २०२२पासून राज्याच्या मेडी-कॅल या सरकारी विमायोजनेत प्रोमोतोरा आणि अन्य समाज आरोग्य सेवकांच्या कामाचा समावेश झाला. रुग्णाला शिकवणं, त्याच्यासोबत राहणं, त्याला योग्य जागी पोचवणं या कामाचं बिल आता विम्याकडे पाठवता येतं. मेडी-कॅलच्या लाभार्थ्यांत लॅटिनोंची संख्या सर्वांत मोठी आहे. म्हणजे रक्तदाबाच्या गोळीचे पैसे ज्या खात्यातून जातात त्याच खात्यातून चालायला बोलावणाऱ्या शेजारणीचेही पैसे जाऊ शकतात. दर किती द्यायचा, कागदपत्रं किती मागायची आणि सांता आनातल्यासारख्या छोट्या संस्थांना ती भरणं झेपेल का, यावर तिथे आता काम चालू आहे.